मुशीतून वाचलेली नाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या संग्रहात सोन्याचं एकही नाणं नव्हतं. शिवराया होत्या, ढबू होते, निजामाचे पैसे होते, पेशवाईतला अंकुशी रुपया होता. सोनं नव्हतं. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात ते बसणारं नव्हतं, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. म्हणून आजचा विषय सुचवला गेला तेव्हा मी जरा घुटमळलो. सोन्याच्या नाण्यांबद्दल बोलायला लागलं की ऐकणाऱ्यांचा निम्मा जीव भावात अडकलेला असतो. आजचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, तेव्हा तो विषय इथेच मिटवू. (हशा)

मला आज एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो तीन-चार बाजूंनी विचारायचा आहे. या देशात जवळजवळ दोन हजार वर्षं सोन्याची नाणी पाडली गेली. मग ती गेली कुठे? ‘किती पाडली’ याचं उत्तर कधीकधी टाकसाळीच्या दप्तरात सापडतं. ‘किती वाचली’ याचं उत्तर कुठल्याही दप्तरात नसतं. आणि संग्राहकाला जे काही मिळतं किंवा मिळत नाही, ते सगळं या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

पाडली कुणी, हे आधी धावतं पाहू. कुषाण राजा विम कडफायसिस याने सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, कनिष्काने ती चालू ठेवली, गुप्तांनी त्यांत कला आणली. समुद्रगुप्त वीणा वाजवत बसला आहे, चंद्रगुप्त सिंहाची शिकार करतो आहे, ही चित्रं आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असतात. पुढे विजयनगरचे वराह आले, मुघलांच्या सुमारे अकरा ग्रॅमच्या मोहरा आल्या. गोव्यात १५१० नंतर पोर्तुगीजांनीही सोन्याची नाणी पाडली. कंपनी सरकारची १८३५ ची सिंह आणि ताडाच्या झाडाची दुहेरी मोहर आली. कच्छच्या राजाने १८६६ मध्ये शंभर कोरींचं सोन्याचं नाणं काढलं. यादी लांब आहे. ती छापील सूचीत वाचावी, भाषणात नाही.

एका नाण्यापाशी मात्र मी थांबणार आहे, कारण ते आपलं आहे. देवगिरीच्या यादवांचा पद्मटंक. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आकार किंचित खोलगट. मधोमध कमळाचा ठसा आणि त्याच्याभोवती ‘श्री’, शंख, राजाचं नाव असे सुटे सुटे ठसे. प्रत्येक खूण वेगळी हाणलेली. त्यामुळे कुठे नाव अर्धं कडेबाहेर गेलेलं, कुठे एक ठसा दुसऱ्यावर चढलेला, पाठ कोरी. दोन पद्मटंक शेजारी ठेवले तर ते भाऊ वाटतात, जुळे वाटत नाहीत. ज्ञानेश्वरी ज्याच्या राज्यात लिहिली गेली त्या रामचंद्रदेव यादवाचा पद्मटंक आजही लिलावात विकत मिळू शकतो. आणि हे केव्हा? तर १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीचा खजिना रिकामा करून नेल्यानंतर! जे खजिन्यात होतं ते गेलं. जे कुणी घाबरून मडक्यात घालून जमिनीत पुरलं, तेवढंच आपल्या वाट्याला आलं.

याच्या उलट गोष्ट शिवछत्रपतींच्या होनाची. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेलं, जेमतेम पावणेतीन ग्रॅमचं हे नाणं. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी. सभासदाने आपल्या बखरीत खजिन्यातल्या होनांच्या किती जाती नोंदवल्या आहेत! महाराजांच्या खजिन्यात सोनं होतं, भरपूर होतं. पण त्यातलं बहुतेक इतरांनी पाडलेलं. १६८९ मध्ये रायगड पडला आणि तिथलं सोनं मुघलांच्या हाती गेलं. मुघलांच्या हाती गेलेल्या सोन्याची पुढे मोहर झाली नसेल, असं मानायला माझं मन तयार होत नाही. आज औरंगजेबाची मोहर बाजारात तुलनेने सहज मिळते. सोलापूरच्या टाकसाळीची मिळते, खुजिस्ता बुन्यादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची मिळते. त्या मोहरांत कुणाकुणाचे होन आटले असतील, हे त्या मोहराच जाणोत.

आता मुख्य मुद्द्याला येतो. सोन्याच्या नाण्याला चोरापेक्षा मोठी भीती असते ती मुशीची. चोरीला गेलेलं नाणं निदान कुठेतरी असतं. मुशीत गेलेलं नाणं कुठेच नसतं.

१९४६ सालची गोष्ट आहे. भरतपूर संस्थानात बयाना गावाजवळ शिकार झाली आणि मागून रिकामी काडतुसं वेचायला गावची पोरं गेली. शेताच्या बांधात त्यांना तांब्याचं भांडं सापडलं, त्यात गुप्त राजांची सोन्याची नाणी. सुमारे एकवीसशे! सरकारी माणसं पोचेपर्यंत त्यातली पावणेतीनशेच्या वर आटवून झालेली होती. उरलेल्या अठराशेहून अधिक नाण्यांची सूची आपल्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी केली. त्या ढिगात चक्रविक्रम प्रकारचं एक नाणं निघालं, चंद्रगुप्त दुसरा आणि चक्रपुरुष समोरासमोर उभे असलेलं. हा प्रकार तोवर कुणालाच ठाऊक नव्हता. आता सांगा, जी पावणेतीनशे आटली त्यांत काय काय होतं? तुम्ही सांगू शकणार नाही, मी सांगू शकणार नाही, आळतेकरही सांगू शकले नसते.

गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. आपल्याकडे जमिनीत सापडलेल्या धनाविषयी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. सरकारला ते धन हवं असेल तर मोबदला काय? धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश! गुप्तांचं दुर्मीळ नाणं असो की वाकडी झालेली नथ, हिशोब तोच. आता एखादा मजूर विहिरीच्या कामावर फावडं मारतो आणि मडकं फुटतं. त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक कलेक्टर कचेरीकडे जातो, तिथे पंचनामा, जबाब, पोलीस आणि तारखा. दुसरा तालुक्याच्या सोनाराकडे, तिथे संध्याकाळच्या आत रोख पैसे. तो कुठे जाईल? आणि सोनाराला पुरावा नको असतो, म्हणून तो रात्रीच मूस पेटवतो. ज्या कायद्याने नाणी वाचायला हवीत त्याच कायद्याच्या धाकाने ती आटतात, असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहासाची किंमत धरून मोबदला दिला तर अर्धी मडकी कचेरीत पोचतील.

दुसरा मोठा घाव १९३१ चा. त्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमान सोडला, सोन्याचा रुपयातला भाव चढला, आणि इकडे मंदीने शेतमालाचे भाव पडलेले. कर्ज, शेतसारा, लग्नं. खेड्यापाड्यांतून सोनं बाहेर निघालं आणि मुंबई बंदरातून बोटीच्या बोटी भरून देशाबाहेर गेलं. अर्थतज्ज्ञ त्याला अडचणीतलं सोनं म्हणतात. त्यात पाटल्या होत्या, गोठ होते आणि मोहराही होत्या. मुंबईच्या मुशीत त्यांच्यात फरक राहिला नाही.

तिसरा घाव आपल्याच सरकारचा. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर करायचे नाहीत. सोनारांचे संसार उघड्यावर आले, हे इथल्या काही ज्येष्ठांना आठवत असेल. १९६८ मध्ये त्याचा पक्का कायदा झाला आणि लगडी आणि नाणी बाळगण्यावर कडक निर्बंध आले. दागिना ठेवणं सोपं, नाणं ठेवणं अडचणीचं. मग लोकांनी काय केलं? नाण्याचा दागिना केला. काहींनी आटवून बांगड्या केल्या, काहींनी नुसती कडी डाकली आणि माळेत ओवलं. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला तेव्हा अर्थमंत्री होते मधु दंडवते. नाणेसंग्राहकांनी त्यांचं नाव कृतज्ञतेने घ्यायला हवं. घेताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या बायकांच्या गळ्यांनी जितकी सोन्याची नाणी वाचवली तितकी संग्रहालयांनी वाचवली नसतील. पुतळ्यांची माळ, गिन्न्यांचा हार. हौशी संग्राहक कडी लावलेलं नाणं पाहिलं की नाक मुरडतो. राजाच्या डोक्यावर टाक्याचा डाग आहे, कडेचे कंगोरे घासले गेलेत, किंमत निम्मी धरा, वगैरे. बरोबर आहे, बाजारात ती कमीच धरतात. पण ती कडी नसती तर ते नाणंच आज नसतं, एवढं त्याने लक्षात ठेवावं.

आता उपलब्धतेकडे वळू. आज मिळतं काय? सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत गमतीचं नाणं म्हणजे दक्षिणेतला पणम. वीररायाचा पणम घ्या. वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तळहातावर ठेवलात आणि शिंक आली तर संग्रह संपला! मग पूर्वी व्यापारी असली हजारो नाणी मोजत कशी असतील? केरळात त्यासाठी लाकडी फळी असे. फळीवर ओळीने पणमाच्या मापाचे बारीक खळगे कोरलेले. मूठभर पणम टाकायचे, फळी हलक्या हाताने हलवायची, प्रत्येक खळग्यात एक पणम बसतो, उरलेले कडेने झाडून घ्यायचे. खळगे भरले की शंभर झाले, दोनशे झाले, जशी फळी असेल तसं. नवशिक्याने सुरुवात इथून करावी, असं मी नेहमी सांगतो.

मराठवाड्यातल्या मंडळींना निजामाची अश्रफी परिचयाची असेल. अकरा ग्रॅमहून थोडी जड, वर चारमिनार. चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. अर्धी, पाव आणि दोन आणेभार अश्रफीही आहे. या घराघरांतून टिकल्या, कारण पोलीस कारवाईपर्यंत तिथे निजामाचंच चलन होतं आणि ठेव म्हणून अश्रफी ठेवण्याची रीत होती. बडोद्याच्या सयाजीरावांच्या मोहरा, बिकानेरच्या गंगासिंहांची १९३७ ची नजराणा मोहर, ही संस्थानी नाणीही अधूनमधून येतात. मात्र १८६२ नंतरच्या व्हिक्टोरियाच्या मोहरांबाबत सावध राहा. कलकत्ता आणि मुंबईच्या टाकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी मागाहून नाणी पाडून दिली आहेत. ती खोटी नाहीत. पण त्यांच्यावरचं साल हे त्यांच्या जन्माचं साल नाही.

आणि आता मुंबई, १९१८. हा माझा आवडता विषय, तेव्हा घड्याळाकडे थोडा वेळ पाहू नका. पहिलं महायुद्ध चालू. समुद्रात जर्मन पाणबुड्या. हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा इतका, की १९१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर लोक नोटा घेऊन रुपये मागायला येऊ लागले आणि सरकारकडे द्यायला रुपये पुरेनात. अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या साठ्यातली चांदी विकली तेव्हा सरकार सावरलं. त्याच काळात सरकारने १९१७ पासून आयात होणारं सोनं ताब्यात घेतलं होतं. तेव्हा ठरलं, की मुंबईच्या टाकसाळीत लंडनच्या शाही टाकसाळीची शाखा काढायची आणि इथेच गिन्न्या पाडायच्या. पण ठसे लंडनहून यायला वेळ होता. तोवर काय करायचं? तोवर मुंबईने आपलं वेगळं नाणं पाडलं, पंधरा रुपयांची मोहर. वजन आणि कस तंतोतंत गिन्नीचा, कारण १८९९ पासून गिन्नीचा दर पंधरा रुपयेच ठरलेला होता. अशा सुमारे २१ लाख मोहरा पाडल्या गेल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये गिन्न्यांचं काम सुरू झालं आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शाखा बंदही झाली. गिन्न्या पडल्या सुमारे १३ लाख.

ही दोन नाणी शेजारी ठेवून पाहा. मोहरेवर पंचम जॉर्ज मुकुट घालून बसला आहे, रुपयावर असतो तसाच. गिन्नीवर तोच राजा बोडक्या डोक्याने आहे, कारण ती लंडनची प्रतिमा. गिन्नी उलटा. घोड्यावरचा संत जॉर्ज, पायाशी सर्प. त्याखाली जमिनीची रेघ आणि रेघेखाली साल. त्या रेघेच्या मधोमध, सालाच्या अगदी वर, इंग्रजी ‘आय’ हे अक्षर आहे. इतकं बारीक, की भिंग नसेल तर मातीचा कण समजून सोडून द्याल. तिथे एम असेल तर मेलबर्न, पी असेल तर पर्थ, एस असेल तर सिडनी. आय म्हणजे इंडिया. लंडनबाहेर पडलेल्या गिन्न्यांपैकी भारतात पडलेलं हे एकच साल, पुढे पंचाण्णव वर्षं. २०१३ मध्ये हरियाणातल्या एमएमटीसी-पॅम्पच्या कारखान्यात शाही टाकसाळीच्या परवान्याने पुन्हा ‘आय’ची गिन्नी पडली.

मोहर २१ लाख, गिन्नी १३ लाख. मग बाजारात जास्त काय मिळायला हवं? मोहर. आणि प्रत्यक्षात? गिन्नी सहज मिळते आणि मोहर दुकानदाराला शोधावी लागते. याचं कारण मला असं दिसतं, की गिन्नी जगभर चालते. लंडन असो, दुबई असो, तिला गिऱ्हाईक असतं, म्हणून ती गिन्नी म्हणूनच हातोहात फिरली. पंधरा रुपयांची मोहर देशाबाहेर कुणी ओळखत नव्हतं, आणि देशातही पुढे दोनच वर्षांत गिन्नीचा सरकारी दर पंधरावरून दहा रुपये केला गेला. नाणं म्हणून तिला अर्थ राहिला नाही. सोनं म्हणून राहिला. जिचं चलनमूल्य गेलं ती मुशीत गेली.

आजच्या नाण्यांबद्दल मी फार बोलणार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने अशोकचक्र आणि गांधीजींची प्रतिमा असलेलं पाच आणि दहा ग्रॅमचं सुवर्णनाणं काढलं. चोवीस कॅरेट, हॉलमार्क असलेलं. गुंतवणूक म्हणून उत्तम. पण ते चलन नाही, आणि पेढीतली लक्ष्मीछाप वेढणी जशी कुणी संग्रहाला ठेवत नाही तसंच त्याचं आज तरी आहे. शंभर वर्षांनी कुणास ठाऊक.

खोट्या नाण्यांविषयी दोन शब्द. शिवरायांचा होन तुम्हाला कुणी जत्रेत, दुकानात किंवा मोबाइलवर दाखवला तर तो खोटा धरूनच चाला. खरा ठरला तर तज्ज्ञ सांगतीलच. रामदरबार असलेले रामटंके हजारो वर्षांपूर्वीचे म्हणून विकतात, ते देवस्थानांचे अलीकडचे टंके असतात आणि बरेचसे पितळेचे. गिन्नीची फसवणूक वेगळ्या तऱ्हेची. तिथे सोनं खरं असतं, ठसा खोटा असतो, सोनाराने हारासाठी पाडलेला. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास बावीस मिलिमीटर, एवढं आधी मोजा. मग दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. वजन साधारण ०.४५ ग्रॅमने कमी भरलं तर धातू बावीस कॅरेटचा आहे. धातू बरोबर निघाला तरी ठसा भिंगाखाली पाहावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, कारण परदेशात मुलं असलेले बरेच जण समोर दिसताहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची गिन्नी २०१८ मध्ये पुरावस्तू झाली. आजीने नातसुनेला दिलेली मुंबईची गिन्नी न्यू जर्सीला नेली तर तो गुन्हा होईल. तीच मुंबईची गिन्नी लंडनच्या दुकानात रांगेने मांडलेली असते आणि कुणीही विकत घेतो. कायद्याचा हेतू चांगला आहे, यात वाद नाही. पण देशातल्या मुशीवर तो काहीच बोलत नाही. नाणं बाहेर नेणं गुन्हा, आणि शंभर वर्षांचं नाणं सराफाकडे आटवणं हा रोजचा व्यवहार! आणि भाव चढला की आटणी वाढते, कारण साध्या मोहरेची संग्राहकाने दिलेली किंमत आणि सोन्याची किंमत यांतलं अंतर पुसलं जातं.

म्हणून विनंती एवढीच. घरातलं नाणं विकायचं असेल तर जरूर विका, तो तुमचा हक्क आहे. विकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा, कुणाकडून आलं ते लिहा आणि जाणकारांना दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. तिथे जाऊन एकदा डोळे तयार करून घ्या.

आता पडद्यावर काही नाणी दाखवतो. आधी पद्मटंक, मग अश्रफी, मग १९१८ ची मोहर आणि गिन्नी एकत्र. गिन्नीवरचं ते अक्षर मागून दिसणार नाही, तेव्हा मागच्या रांगांतल्यांनी पुढच्या मोकळ्या खुर्च्यांवर यावं. प्रश्न त्यानंतर घेऊ.